पिठातला पतंग

कसलाही फोटो पाठवा, पतंगाचं नाव तीस सेकंदांत सांगतो! जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या लीलाधरचा हा दावा होता. तो खरा होता, हीच पुढच्या अनर्थाची सुरुवात. दिव्यावर येणाऱ्या पतंगांचे फोटो शेतकरी त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत. कुणाचा अर्धाच पंख, कुणाचं नुसतं बूड. लीलाधर एसटीच्या कंडक्टरसारखा खटाखट नावं फाडून देई. फोटो पाठवला कुणी, हे बघायला त्याला सवड नसे.

त्या सोमवारी तर मुळीच नव्हती. आदल्या दिवशी साक्रीजवळच्या खेड्यात सासऱ्यांच्या, धनसिंग आबांच्या, अंत्यविधीला उभा राहून तो परीक्षेच्या ड्यूटीसाठी परतला होता. बायको सुलक्षणा माहेरीच थांबली होती. सकाळी ग्रुपवर अकरा फोटो साचलेले. सातव्यात पांढऱ्या भुकटीवर बसलेला करडा पतंग. खाली दोनच शब्द : "काय शे?"

लीलाधरने ठोकून दिलं, "बोंडअळीचा पतंग. मादी. दीडशे अंडी घालेल. ताबडतोब मारा!"

दहा मिनिटांत मेहुण्याचा, कुंदनचा, फोन.

"दाजी, आबांना मारलं!"

"कुंदन, शांत हो. आबा काल गेले. हार्ट अटॅकने."

"ते कालचं! आता सारिकाने मारलं. चपलेने!"

लीलाधरने सातवा फोटो पुन्हा उघडला. पाठवणारा कुंदन. भुकटी म्हणजे पीठ होतं! माणूस गेला त्या जागी रात्री परातीत पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा, वर टोपली पालथी घालायची. सकाळी पिठात ज्याच्या खुणा, त्या जन्माला तो जीव गेला. कुंदनने टोपली उचलली तर आत पतंग. घरात एवढा जाणकार जावई असताना दुसऱ्या कुणाला कशाला विचारायचं?

"अरे, पण लगेच मारायचं?"

"तुम्हीच सांगितलं ना! कापसाच्या घरात बोंडअळी म्हटल्यावर माझ्या बायकोचा हात थांबतो का? आणि आई विचारतेय, आबा मादी कसे?"

तेवढ्यात सुलक्षणाने फोन हिसकावला. "चोवीस तासांत माझा बाप दोनदा गेला, दुसऱ्यांदा तुमच्यामुळे! आई पाण्यालासुद्धा शिवत नाहीये. या आणि निस्तरा!"

ड्यूटी दुसऱ्याच्या गळ्यात मारून, धुळ्याला एसटी बदलून लीलाधर दुपारी पोचला. भाऊबंद ओटीवर बसले होते. कुणी "या" म्हटलं नाही. आत सासूबाई, मंजुळाबाई, परातीशी भिंतीला टेकून होत्या. शेजारी ती चप्पल पुराव्यासारखी ठेवलेली.

"जवाईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "त्यासना जीव आते कोठे गया?"

तीस सेकंद गेले. साठ गेले. नजर चुकवायला म्हणून लीलाधर परातीवर वाकला आणि थबकला.

"आई, पतंग नुसता दिव्याला भुलून आला होता. पाहुणा! ह्या खुणा बघा. पाच-पाच बोटं, मधून शेपटीची रेघ. ही पाल आहे. पतंगाच्या मागावर आत शिरली असणार."

सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे एक जाडजूड पाल, न हलता, सगळ्यांकडे नापसंतीने पाहत होती.

"बठ्ठं आबासारखंच! तेच बघणं!" ओटीवरून डोकावत कुणीतरी म्हणालं.

मंजुळाबाईंनी पालीकडे पाहिलं. "घरमाच ऱ्हातीन ना मंग?"

"घरातच, आई."

त्यांनी डोळे पुसले आणि शेजारच्या कमलबाईंनी आणलेला डबा पुढे ओढला. पहिला घास घशाखाली उतरला तेव्हा लीलाधरने श्वास सोडला.

दिवेलागणीला सारिका चहा घेऊन आली. ट्यूब लागली होती, पतंग जमले होते. पाल सरसर पुढे आली, एक मटकावला आणि पुन्हा जागेवर.

"दाजी," सारिकाने दबक्या आवाजात विचारलं, "आबा आता रोज हेच खाणार. त्यांत कुणाकुणाचे सासरे असतील?"

लीलाधरने वर पाहिलं. चौदा पतंग घिरट्या घालत होते. सगळ्यांची नावं त्याला येत होती.

"धुळ्याला," तो म्हणाला, "शेवटची एसटी कितीला आहे?"