हिरवा, नाकवाला ट्रक

माझ्या ट्रकसारखा ट्रक डहाणू तालुक्यात दुसरा नाही, हे मी सरावलीत कुणालाही सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. वयाने तो माझ्यापेक्षा थोरला आहे, पण धावलाय शेजारच्यांच्या स्कूटरपेक्षा कमी. घोलवडच्या एका चिकूवाडीवाल्याने तो नवा घेतला, वाडीतून स्टेशनपर्यंत पेट्या वाहिल्या आणि पुढे छोटा टेम्पो आला तसा शेडमध्ये झाकून ठेवला. तिथून तो माझ्याकडे आला. पुढे लांबलचक बोनेट, रंग हिरवा, तोही पहिलाच.

मी त्यात काहीही भरत नाही. हौद्याच्या फळ्यांना पॉलिश आहे. भारतीने, म्हणजे आमच्या हिने, एकदा मागच्या फाळक्यावर ओली गोधडी वाळत घातली, तर मी त्या दिवशी जेवलो नाही.

"ट्रकला उपास घडवताय तो घडवा," ती म्हणाली, "स्वतः कशाला धरताय?"

तर तलासरीला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. 'मूळ स्थितीत जपलेली गाडी' असं एक खास बक्षीस होतं. ते आपलंच, हे मी घरात जाहीर करून टाकलं आणि शोकेसमधला सासूबाईंनी दिलेला ताजमहाल काढून जागाही केली.

त्या सकाळी माझा मित्र हितेश मोटरसायकलवरून पुढे मैदानात गेला, जागा धरायला. मी मागून सावकाश ट्रक घेऊन आलो. नाक्याजवळ चिंचेच्या सावलीत उभा केला. धूळ पुसून आत शिरावं, असा विचार. पुसून झाला, तोंडाला कोरड पडली, म्हणून समोर चहा प्यायला गेलो. तेवढंच माझं चुकलं.

परत येऊन बघतो, तर ट्रक भरलेला. हौद्यात बायका, पोरं, पातेली, एक स्पीकर, सतरंज्या. पुढच्या सीटवर हळद लावलेला नवरदेव, डोक्याला मुंडावळ्या.

"ड्रायव्हर, एवढा वेळ कुठे होतास?" एक म्हातारी वरून म्हणाली. ही नवरदेवाची आत्या, चिमीआत्या. वऱ्हाडाची सूत्रं तिच्याच हातात होती, हे पुढे मला चांगलंच कळलं.

"मी ड्रायव्हर नाही. म्हणजे आहे, पण हा भाड्याचा ट्रक नाही."

"ट्रकवाल्या लडक्याने फोनवर सांगितलं ना, हिरवा ट्रक येईल, पुढे नाकवाला. हा हिरवा नाही का?"

"हिरवा आहे."

"आणि हे काय आहे?" तिने बोनेटकडे बोट केलं.

आता नाकाला नाक नाही कसं म्हणणार? त्यांनी लडक्याला फोन लावला, तो बंद. नवरदेवाची आई पदराने डोळे टिपू लागली. उधव्याला नवरीकडची माणसं मांडवात ताटकळली होती. नवरदेवाचं नाव तुषार. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काका, उतरू का आम्ही?"

त्याने जर दमदाटी केली असती, तर मी सगळ्यांना उतरवलं असतं. त्याच्या त्या विचारण्याने माझं सगळं बिनसलं. उधवा काही लांब नाही, सोडून येऊ, असं म्हणून मी हितेशला फोन केला. "उशीर होईल. माझी जागा जाऊ देऊ नकोस."

"चिंता नको, प्रविणभाई," तो म्हणाला. "गेटवरच्या पोरांना सांगून ठेवतो, हिरवा, नाकवाला ट्रक आला की सरळ आत घ्या."

निघालो. प्रत्येक वळणावर पातेली पॉलिशवर घासायची आणि माझ्या छातीत कळ यायची. अर्ध्या वाटेत चढावर रेडिएटरने वाफ सोडली. मी कपाळाला हात लावला. चिमीआत्याने मात्र पोरांना खाली उतरवलं आणि लग्नातल्या पिण्याच्या पाण्याचा पिंप पुढे आणायला लावला.

"पाज त्याला," ती म्हणाली. "कामाची सवय नाही वाटतं."

एक खरं सांगायला हवं. रिकामा असताना हा ट्रक खड्ड्यात बकरीसारखा उडतो. मी समजायचो, जुन्या गाड्यांची चालच तशी. त्या दिवशी भरलेला ट्रक रस्त्याला असा धरून चालला की माझा हात आपोआप सैल झाला. मागे बायका गात होत्या. चौथा गिअर मी आयुष्यात पहिल्यांदा टाकला.

मांडवापुढे पोचलो तेव्हा नवरीच्या बापाने, भीमाने, नवरदेवाच्या आधी माझाच हात धरला. "आलात, बरं झालं. जेवल्याशिवाय जायचं नाही." मी प्रदर्शनाचं सांगू लागलो, पण पुढ्यात भात आणि कोंबडीचा रस्सा आला होता. दुसऱ्यांदा वाढत असतानाच हितेशचा फोन आला.

"प्रविणभाई, आपल्याला बक्षीस मिळालं."

"कशाबद्दल? ट्रक माझ्यासमोर उभा आहे."

तिकडे झालं होतं ते असं. लडक्या पंक्चर काढून उशिरा नाक्यावर आला आणि वऱ्हाड शोधत मैदानाजवळ गेला. गेटवरच्या पोरांनी हिरवा, नाकवाला ट्रक बघितला, काचेवर माझा प्रदर्शनाचा नंबर चिकटवला आणि रांगेत उभा केला. हितेश त्या वेळी फाफडा खायला गेला होता. लडक्याला वाटलं, गाड्यांची तपासणी चालू आहे. तो बिचारा कागद हातात घेऊन गप्प उभा राहिला. मुंबईहून आलेले परीक्षक त्याच्या ट्रकभोवती पुन्हापुन्हा फिरले. गंज, पोचे, सुतळीने बांधलेला दरवाजा, सगळ्यावर हात फिरवून म्हणाले, "याला म्हणतात मूळ स्थिती. मालकाने कशालाही हात लावलेला नाही."

"मग लडक्या काय म्हणाला?" मी विचारलं.

"तो म्हणाला, दंड नाही, वर हार? पहिल्यांदाच असा साहेब बघितला."

संध्याकाळी मी, हितेश आणि लडक्या भेटलो. मी लडक्याला बक्षिसाची ढाल देऊ केली. त्याने ती उलटीपालटी करून बघितली आणि परत माझ्याच हातात दिली. ट्रकमध्ये जागा नाही म्हणाला.

घरी भारती ट्रकभोवती फिरली. फळ्यांवर ओरखडे, दरवाजावर हळदीचे हात. "आता कसा ट्रक दिसतोय," एवढंच बोलून ती आत गेली. ते हात मी अजून पुसलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गळ्यात हार घातलेला लडक्या आणि खाली माझं नाव. सरावलीत लोक अजून विचारतात, "प्रविणशेठ, फोटोत किती बारीक दिसता हो?"

मी हो म्हणतो. लडक्या दिसायलाही माझ्यापेक्षा बरा आहे.