सबनीसकाकांचं रेकॉर्डिंग

सबनीसकाका कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवत असताना शिंकायचं नाही. एनिस या आयरिश गावात मी नवीन आले होते, मला हा नियम माहीत नव्हता. मी शिंकले. काकांनी टेप थांबवला, कॅसेट मागे नेली आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.

"अहो काका, वायर थेट कॉम्प्युटरला जोडलीय. शिंक त्यात जात नाही."

"माझ्या कानात जाते ना! घाई असेल तर तुम्ही निघा."

काकू गेल्यावर काका मुलाकडे आले, ते कपडे कमी आणि कॅसेटी जास्त घेऊन. स्वयंपाकघरातल्या कपाटातून, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमधून, बशा हलल्या आणि कॅसेटी बसल्या. मुलगा निखिल सांगून थकला, "बाबा, ही सगळी गाणी फोनवर मिळतात."

"ती स्वच्छ मिळतात. माझ्या कॅसेटींत खरखर आहे."

मी एकदा खरखर काढायचं सॉफ्टवेअर सुचवलं. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

एका दुपारी मी माझ्या शेजारच्या मॉरीनबाईंना त्यांच्याकडे नेलं. वय ऐंशीच्या पुढे. भाऊ तरुणपणी ऑस्ट्रेलियाला गेला, तिकडेच वारला. त्यानं पत्राऐवजी पाठवलेली एकुलती एक कॅसेट त्यांच्या हातात होती, फुटलेली.

"दुकानदार म्हणाला, टाकून द्या," त्या म्हणाल्या.

"त्याला काय कळतंय!" काका मराठीतच गरजले.

त्यांनी प्रेसच्या तळातून स्वतःची एक कॅसेट काढली, चष्म्याच्या बारीक स्क्रूड्रायव्हरनं उघडली, आतली टेप डब्यात ठेवली आणि त्या खोक्यात मॉरीनबाईंची टेप बसवली. बटण दाबलं. घोगऱ्या आवाजात कुणी उन्हाला शिव्या देऊ लागलं, मग हसलं.

"तोच," मॉरीनबाई पुटपुटल्या. काकांनी तो आवाज उतरवून दिलेला पेन ड्राइव्ह त्यांनी जाताना माझ्याकडे दिला. कॅसेट मात्र छातीशी धरून नेली.

मी डब्याकडे बोट दाखवलं. "यात काय आहे?"

"आई. मी नोकरीला परगावी निघालो तेव्हा तिनं सगळा स्वयंपाक सांगून ठेवला होता. आमटीपासून. स्क्रूची तेवढी एकच होती, बाकीच्या चिकटवलेल्या."

"कॉम्प्युटरवर घेतली होती ना?"

"नव्हती. सगळ्यात शेवटी घ्यायची म्हणून ठेवली होती."

"मग आधी ती तरी घ्यायची!"

"त्यांना ताटकळत ठेवून मी माझी आई ऐकत बसू?" काका उसळले. मग डब्याचं झाकण लावत हळूच म्हणाले, "आईचा आवाज मला आठवतो. त्यांना भावाचा आठवत नव्हता हो."