जावयाने सोडवलेला बोल्ट

जावई आला तो भंगारवाल्याला बरोबर घेऊनच. त्याचा ट्रक कोपऱ्यावर उभा करायला लावून जावयाने बजावलं, "म्हातारा माणूस आहे. आधी मी गोडीगुलाबीने बोलतो. हॉर्न वाजला की या."

जावई एका कंपनीत माणसांकडून कामं करून घेण्याचा पगार घेत असे, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सासऱ्यांना एक जुनी गाडी विकायला लावणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. गाडी सासूबाईंची. त्या गेल्यापासून ती अंगणात धूळ खात पडलीय, असं जावई म्हणे. खरं तर सासरे ती रोज पुसत.

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. आज मात्र गाडीचं पुढचं चाक काढून ते स्टूल टाकून बसले होते. शेजारी त्यांची थोरली बहीण अक्का आणि आदल्या दिवशीच माहेरी आलेली जावयाची बायको.

"जावईबापू, तुमचंच बरोबर," सासरे म्हणाले. "इंजिनातला पट्टा बदलायला झालाय. त्यासाठी ही पुढची पुली काढायला हवी, आणि तिचा बोल्ट काही हलत नाही. देऊन टाका भंगारात."

जावयाने वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं घशातच राहिली.

"हलत नाही म्हणजे?"

"आमच्या हातांना केसाएवढ्या स्क्रूंची सवय. याला तरणा माणूस लागतो. जाऊ द्या, बोलवा तुमच्या माणसाला."

"थांबा एक मिनिट," म्हणत जावयाने बाह्या सरसावल्या.

त्याने बोल्टला पाना लावून ओढला. "फिरला की!"

"बोल्ट नाही, आख्खं इंजिन फिरतंय," सासरे शांतपणे म्हणाले.

"मग गाडी गिअरमध्ये टाका आणि कोणीतरी ब्रेक दाबून धरा. व्हिडिओत बघितलंय मी."

"मी चहा टाकते," म्हणून बायको आत सटकली. राहिल्या अक्का. अक्का अंगाने भरभक्कम आणि सीट पार पुढे ओढलेली. त्या कशाबशा आत शिरल्या, तेव्हा स्टिअरिंग त्यांच्या पोटात रुतलं.

"सीट मागे घ्या की," जावई म्हणाला.

"राहू दे तशीच," सासरे म्हणाले. "तिने लावलेली आहे."

सासूबाई ठेंगण्या होत्या.

"दाबा, अक्का."

अक्कांनी जोर लावला आणि हॉर्न वाजला. मागोमाग ट्रक दारात हजर. "साखळी लावू का, साहेब?"

"अहो, चुकून वाजला तो. जा कोपऱ्यावर."

दुसऱ्या खेपेला पाना निसटला आणि जावयाच्या बोटांची सालं निघाली. "अक्का, तुमचा ब्रेक सुटला."

"ब्रेक कुठला सुटतोय? मला इथे श्वास सुटेना."

"दांडा लांब हवा," असं जावई म्हणतो तोवर सासऱ्यांनी स्टुलामागून लोखंडी पाईप काढून दिला. पान्याच्या दांड्यावर तो मापाने केल्यासारखा बसला. मधोमध जरा वाकलेला होता. जावयाने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने जोर लावला, अक्कांनी लावला, हॉर्न वाजला. ट्रक पुन्हा दारात. आता समोरच्या खिडक्यांतूनही माणसं डोकावू लागली.

भंगारवाला खाली उतरून कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "कशाला त्रास घेता, साहेब? आमच्याकडे गॅसने कापतात."

"बोल्ट?"

"बोल्ट कशाला? गाडी."

"ऐका त्याचं," सासरे म्हणाले. "सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही, जावईबापू."

जावयाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "गाडी द्यायची नाही," तो भंगारवाल्याला म्हणाला. "तुम्ही निघा. आता हॉर्न वाजला तरी येऊ नका."

मग त्याने पाय भिंतीला टेकवले आणि पाईपला सगळं अंग झोकून दिलं. अक्का दोन्ही पायांनी ब्रेकवर उभ्याच राहिल्या म्हणा ना. हॉर्न थांबेचना. आणि त्या गदारोळात कडाड असा आवाज होऊन जावई पाईपसकट उताणा पडला.

"मोडला का हो?" अक्कांनी आतून विचारलं.

"मोडला नाही, सुटला," जावई पडल्या पडल्याच म्हणाला. बढती मिळाली तेव्हासुद्धा त्याच्या तोंडावर इतका आनंद नव्हता.

सासऱ्यांनी खिशातून नवाकोरा पट्टा काढला. "पुढच्या रविवारी बसवू. पाण्याचा पंपही बघायचाय. तुमच्याशिवाय कोणाला जमणार?"

जावयाची मान विचार करण्याआधीच हलली.

संध्याकाळी घरी बायको त्याच्या बोटांना मलम लावत होती. "रागावणार नसशील तर सांगते. तो बोल्ट सकाळीच निघाला होता. बाबांनी त्यात काल तेल सोडून ठेवलं होतं."

"मग?"

"मग परत बसवला."

"इतका घट्ट?"

"पाईपवर अक्काआत्या उभी होती."

जावयाला तो मधोमध वाकलेला पाईप आठवला.

"आणि ब्रेक कोणी दाबला?"

"मी," ती म्हणाली. "आईची सीट मला बरोबर बसते."

जावई फोन काढून पाण्याचा पंप कसा काढतात, त्याचा व्हिडिओ शोधायला लागला.