चव नसल्याबाबतचे निवेदन

एका मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आमच्या वडिलांनी भाजीला चव नसल्याचं तोंडी निवेदन फोनवरून केलं. मी तेव्हा कचेरीच्या कॅन्टीनमध्ये जेवत होतो. अभिलेख विभागात माझी एकवीस वर्षं झाली आणि आलेली तक्रार मी कधी पडून राहू दिलेली नाही. म्हातारं माणूस कुरकुरतंच, असं म्हणून कानाडोळा करणाऱ्यांतला मी नव्हे.

हात धुवायच्या आत मी मोबाइलवर शोध घेतला. उतारवयात शरीरातलं झिंक कमी झालं तर चव जाते, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. शनिवारी रक्त तपासलं. झिंक सीमारेषेवर निघालं आणि मला हायसं वाटलं, कारण तक्रारीला मथळा मिळाला होता.

आहारतज्ज्ञ बाईंनी वय, उंची, झोप, पोट साफ होतं का, सगळं विचारलं. जेवतात काय, याला मी “घरचं साधं” असं उत्तर दिलं आणि त्यांनी समाधानाने बरोबरची खूण केली. वडील मध्येच भाजीबद्दल काही सांगायला लागले. मी म्हटलं, “बाबा, आधी त्यांना बोलू द्या.”

झिंक सुरू झालं. पण झिंक जास्त दिवस घेतलं की कॉपर घटतं, म्हणून कॉपर आलं. दोघांना एकत्र पाठवून चालत नाही, म्हणून मध्ये अंतर आलं. आयर्न उपाशीपोटी, कॅल्शियम त्याच्यापासून दोन तास लांब. चहा आयर्नच्या आड येतो, म्हणून चहा बंद. सेलेनियम नेमकं काय करतं ते मला अजून कळलेलं नाही, पण बाकीच्यांना घेतल्यावर त्यालाच वगळणं बरं दिसलं नसतं. मी पाच रंगांत तक्ता काढला, फ्रीजवर चिकटवला आणि वडिलांच्या फोनवर चौदा अलार्म लावले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला वेळ पाळणं काय अवघड!

खरी अडचण जेवणाची. साध्या भाजीतसुद्धा ही सगळी खनिजं विनापरवाना असतात. पालेभाजी कॅल्शियमच्या वेळेत आयर्न आणते, दूध आयर्नच्या वेळेत कॅल्शियम. दिवस चाळून काढला, तेव्हा पावणेचारला अकरा मिनिटं मोकळी सापडली. जेवण तिथे बसवलं. वडील तीन-चार घास खात, ताट सरकवत आणि चव नाही म्हणत. तक्त्यात मी ‘सुधारणा अपेक्षित’ लिहीत असे.

तीन महिन्यांनी अहवाल आला. पाचही खनिजं मर्यादेत! विभागात पेढे वाटायचेच बाकी होते. वडिलांचं वजन आठ किलो उतरलं होतं, पण वजनाला अहवालात रकाना नव्हता. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी स्वतःच्या जुन्या हत्यारांनी दोन नवी भोकं पाडली. त्यांना विरंगुळा मिळाला याचा मला आनंदच झाला.

मग ताई चार दिवस राहायला आली. तक्ता तिने वरपासून खालपर्यंत वाचला आणि पावणेचारला सरळ बाबांच्या शेजारी बसून त्यांच्याच ताटातला घास तोंडात घातला. मी त्या दिवशी रजेवर होतो आणि घड्याळ बघत होतो.

“अरे,” ती म्हणाली, “या घरात मीठ कोण घालतं?”

चौकशी झाली. आमच्या हिला रक्तदाब निघाल्यावर, वर्षापूर्वी, मिठाचा डबा मी वरच्या कपाटात कुलूपबंद करून किल्ली हिच्या हवाली केली होती. स्वयंपाकीणबाईंचा हात सैल, म्हणून मीठ हिने मोजून घालायचं, अशी सूचना ओट्यावर अजून चिकटलेली आहे, माझ्या सहीची. ही आठला कामावर जाते. बाई नऊला येतात. दुपारी आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये जेवतो, संध्याकाळी दमल्यामुळे आणि रविवारी कंटाळ्यामुळे बाहेरून मागवतो आणि बाबांना सकाळचंच देतो, घरचं आणि हलकं म्हणून. वर्षभर त्या भाजीची चव बाबांखेरीज कुणी पाहिलीच नव्हती.

“मला गोळ्या कुठे हव्या होत्या रे?” बाबा म्हणाले. “एक घास खाऊन बघ, एवढंच म्हणत होतो.”

मला लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी ही घरी येताच ताईने किल्ली मागून घेतली, मीठ घातलं, आणि बाबा दोन वेळा वाढून घेऊन चाळीस मिनिटं जेवले. तोपर्यंत कॉपरचा अलार्म तीनदा वाजला आणि कुणीच उठेना, म्हणून तो मलाच बंद करावा लागला.

ताई परत गेली. जाताना किल्ली घेऊन गेली, डबा ओट्यावर राहिला. तक्ता मात्र मी टाकला नाही. विभागातल्या लोकांना त्याची फार गरज आहे. प्रत्येकाकडे एखादा म्हातारा चव नाही म्हणतोच आहे. आतापर्यंत एकतीस प्रती गेल्या. ताटात काय होतं, हे एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीही इथवर वाचलंत, म्हणजे काळजी करणाऱ्यांतले आहात. तुमची प्रत बाजूला काढून ठेवली आहे.