कोऱ्या चहाची टाकी

लातुरात आमच्या गल्लीत नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, आणि शेषेराव बिराजदारांच्या अंगणात पावसाच्या पाण्याची दोन पिंपं कुलूप लावून ठेवलेली असतात. ते पाणी माणसांसाठी नाही. माशांसाठी आहे. स्वतः शेषेराव बोअरचं पितात.

शेषेराव कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, हे देशी बदामाच्या नादी लागले. रोज सकाळी बँकेसमोरच्या झाडाची गळलेली पानं उचलायची, उजेडाकडे धरून बघायची आणि दहातली दोन पिशवीत टाकायची. मी लग्नाच्या याद्या होताना पाहिल्यात, तिथेही एवढी छाननी नसते. एकदा फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "काका, शुगरवर चालतंय का हे?"

"चालतंय की," शेषेराव म्हणाले. "पण चोवीस तास पाण्यात ऱ्हावं लागतं."

ही पानं त्यांच्या फिश टँकमध्ये जातात आणि पाणी कोऱ्या चहासारखं होतं. शेषेरावांच्या इंच-दोन इंचांच्या चॉकलेटी माशांना असलंच पाणी लागतं. बोअरचं जड पाणी त्यांना सोसत नाही. घरात ते एकटेच, त्यामुळे कुणी आलं की त्याला टाकीसमोर स्टुलावर बसवतात. पाहुण्याला दिसतो तो नुसता चहा, आणि तोही प्यायचा नसतो. मासे कुठं आहेत विचारलं की एकच उत्तर, "बसा. दिसंल." मी एकदा पाऊण तास बसलो तेव्हा एक शेपटी दिसली.

"नशीबवान हाव मास्तर तुमी," शेषेराव म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

यंदा एका मादीनं खाणं सोडलं. तिनं अंडी तोंडात धरली होती. पिल्लं सुटेपर्यंत, म्हणजे चांगला पंधरवडाभर, ती काही खात नाही म्हणे. तीन वर्षं शेषेराव याचीच वाट बघत होते. ते घरात दबक्या आवाजात बोलू लागले आणि येणाऱ्यालाही तसंच बोलायला लावू लागले.

त्याच आठवड्यात देवणीहून त्यांची थोरली बहीण आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. आई लवकर गेली तेव्हा या अक्कानंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. तिला आता सगळं धूसर दिसतं, पण हात स्वस्थ बसत नाहीत. शेषेराव पानं आणायला गेले आणि अक्कानं ती 'घाण' टाकी उपसली, काच राखेनं घासली, चाळणीत धरलेले मासे परत सोडले, बोअरचं पाणी भरलं आणि वरून तुरटी फिरवली. आमच्याकडे गढूळ पाणी दिसलं की बाईमाणूस आधी तुरटीच शोधतं.

संध्याकाळपर्यंत एकही मासा उरला नाही. मादीही गेली.

मला कळलं तसा मी लगबगीनं गेलो. आता भावाबहिणीत काय होतंय, ही धास्ती होती. शेषेराव अंगणात तुळशीपाशी माती सारखी करत बसले होते.

"अक्काला काय बोललात?"

"काय बोलायचं? लई स्वच्छ झालं अक्का, म्हनलो." मग हात झटकत म्हणाले, "सोमवारी तिचं ऑपरेशन हाय. डोळ्याची पट्टी निघायच्या आत नांदेडहून मासे आणावे लागतेत. गाडी काढता का तुमची?"

मी हो म्हणालो. तेवढ्यात आतून हाक आली, "शेषा, हिकडं ये की रं."

अक्का स्टुलावर बसली होती, काचेला नाक लावून. टाकीत लख्ख पाणी होतं, दुसरं काहीच नव्हतं.

"मला काही दिसंना रं."

शेषेराव तिच्या पायाशी बसले. "बस. दिसंल. ती बघ, कोपऱ्यात हाय. तोंडात पिल्लं धरलीत तिनं."

"मग खाती काय?"

"काहीच न्हाई."

मी दारातच थांबलो.

अक्कानं चाचपडत शेषेरावांच्या डोक्यावर हात ठेवला.

"तवा भूक लागत न्हाई रं," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय."