अर्जुनाचा राग आणि बाजरीचा मुरघास

राग सुनेवर

प्रांजलनं गोणीचं तोंड सोडलं आणि अर्जुनानं पटक्याचं टोक नाकाला लावलं.

"काय मेलंय हिच्यात?" त्यानं बायकोला विचारलं. सुनेला विचारायचा प्रश्न नव्हता. बाजरी कापली त्याच दिवशी त्यानं सुनेशी बोलणं सोडलं होतं.

बयाबाई म्हणाली, "मेलं न्हाई काय. मुरघास हाय त्यो. मुरलाय."

"मुरलाय का सडलाय?"

जत तालुक्यातल्या त्यांच्या वाडीवर एखाद्या वर्षी पाऊस येतो, एरवी टँकर येतो. यंदा पाऊस आला. बाजरी माणसाच्या छातीला लागली, कणसात दाणा चिकात आला, आणि नेमक्या त्या वेळी शेतीचं कॉलेज शिकून आलेल्या सुनेनं उभ्या पिकाला कोयता लावला. हिरव्या ताटांची कुट्टी केली, गुळाचं पाणी शिंपडलं, जाड प्लॅस्टिकच्या गोण्यांत पायानं तुडवून तुडवून भरली आणि आत वारा शिरू नये म्हणून तोंडं आवळून टाकली. चुलीवरच्या भाकरीच तिनं गोणीत कोंबल्या, असं अर्जुनाला वाटलं. मुलगा मल्हार फौजेत. त्यानं सीमेवरून फोन करून बायकोची बाजू घेतली, तेव्हापासून अर्जुना देशाच्या संरक्षणावरही नाराज होता.

मेंढरांनी तरी लाज राखावी की नाही? पहिल्या दिवशी त्यांनी वास घेतला. दुसऱ्या दिवशी चाटलं. पुढं गोणी दिसली की एकमेकींच्या पाठीवर चढू लागली. कोकरं टंच झाली. जी मेंढी दरसाल एका कोकराला दूध पुरवताना टेकीला यायची, ती दोन पाजवून वर माजानं टकरा मारू लागली. अर्जुनाचा राग तिथं दुप्पट झाला. एखादी गोष्ट वाईट असावी आणि तिनं चांगलं करावं, याला काय म्हणायचं?

संध्याकाळी प्रांजल सासूला समजावून सांगत बसायची, पण आवाज सासऱ्याच्या कानाच्या मापाचा काढायची. सरमाडात, म्हणजे वाळल्या ताटांत, काही नसतं, हिरव्या बाजरीत प्रथिनं असतात, मुरवली की ती वर्षभर टिकतात. अर्जुना पाठ करून बसायचा. पाठीला कान नसतात अशी त्याची समजूत होती.

शेवटी त्यानं संप केला. "एवढं भारी खानं हाय तर तुझ्या सुनंलाच राखू दे मेंढरं," असं बयाबाईला सांगून तो लिंबाखाली जाऊन बसला. बयाबाईचे गुडघे धरलेले, प्रांजलचं कोकरू म्हणजे सहा महिन्यांचं पोर कडेवर. रानात कोण जाणार? चराई बंद पडली. सकाळी गोणी, संध्याकाळी गोणी. गोणीचं प्लॅस्टिक चर्र वाजलं की मेंढरं उठून उभी राहायची. सून सासूमार्फत काहीतरी हरकत घेत होती, पण तिची हरकतसुद्धा ऐकायची नाही इतकं अर्जुनानं मनावर घेतलं होतं.

राग मेंढरांवर

दिवाळी सरली आणि अर्जुना लिंबाखालून उठला. घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली, मेंढरं वाटेला लावली.

दरसाल तो असाच पश्चिमेला जायचा, वाळव्याच्या बाजूला. ऊस तुटलेल्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची. लेंडीखत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य अर्जुनाला. बापाच्या वेळेला मेंढरं आपल्याच रानात आधी बसावीत म्हणून शेतकरी भांडायचे. आता कुणाच्या ठिबकच्या नळ्या तुटतात, कुणाला पोत्यातलं खत सोपं पडतं. एकेक घर सुटत सुटत एकटे लालासाहेब उरले होते. त्यांनी नको म्हटलं की अर्जुनाचं चालणं संपलं. आणि चालणं संपलं की वाडीवर बसून जन्मभर संध्याकाळची ती प्रथिनं ऐकायची. या विचारानंच त्याची चाल वाढायची.

मेंढरांची वाढत नव्हती. ती दर वळणावर मागं बघत होती. बांधावरच्या हिरव्या गवताला तोंड लावायची आणि परक्या घरचं जेवण चिवडावं तसं चिवडून सोडून द्यायची.

"तुमच्या आज्ज्या बाभळीचं काटं खाऊन जगल्या," अर्जुना त्यांना म्हणाला. मेंढरांना आज्ज्यांचं काही वाटलं नाही.

कवठेमहांकाळच्या पुढं रस्त्याकडेला भडंगवाल्याचं दुकान होतं. मालकानं चुरमुऱ्याची मोठी प्लॅस्टिकची पिशवी फाडली. चर्र आवाज झाला. सगळ्या कळपाच्या माना एकदम वर झाल्या, आणि अर्जुनाला काही समजायच्या आत कळप दुकानात होता. मालक काउंटरवर उभा राहून ओरडत होता. चुरमुरे उडत होते. एक मेंढी रिकामी पिशवी डोक्यात अडकवून तिखटाच्या डब्यापर्यंत गेली आणि तिथून सर्वांत आधी परत आली.

तासगावच्या अलीकडं एका गावात सत्कार चालला होता. पाहुण्यांनी शाल प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढली. पुढचं सांगायला नको, पण सत्कारमूर्ती शेवटी नारळ छातीशी धरून खुर्चीवर उभे होते आणि शालीचं एक टोक आपल्याकडं यावं म्हणून दोन मेंढ्या प्रयत्न करत होत्या. लोकांनी अर्जुनाला माफी मागायला लावली. त्यानं ती अशा आवाजात मागितली की त्यांना ती पुन्हा मागायला लावावी लागली.

मग त्यानं वाटेतली गावं टाळली. गावं टाळली म्हणून वाट वाढली. वाट वाढली म्हणून मेंढरं उपाशी राहिली, आणि लालासाहेबांच्या रानात पोचली तेव्हा त्यांच्या पाठीवर हात फिरवला तर मणके मोजता आले असते.

राग लालासाहेबांवर

सकाळी लालासाहेब रानात आले. धोतराचा सोगा हातात धरून या बांधापासून त्या बांधापर्यंत चालत गेले, तसेच परत आले.

"अर्जुना, रात्री मेंढरं बसली हुती न्हवं?"

"बसली हुती की."

"मग लेंडी कुठाय? रान झाडून काढल्यागत दिसतंय."

लेंडी नव्हती. पोटात काही नसल्यावर लेंडी कुठून येणार? मेंढरं रात्रभर उसाच्या पाल्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून कुणाची तरी वाट बघत उभी होती. अर्जुना हे सांगायला तोंड उघडतोय, इतक्यात पलीकडच्या गोठ्यात गड्यानं गाईंसाठी मक्याच्या मुरघासाची गोणी सोडली.

चर्र.

लालासाहेबांच्या जर्सी गाईंनी आयुष्यात इतके पाहुणे एका वेळी पाहिले नव्हते. गडी गव्हाणीत चढला. मेंढरांनी मका संपवला, मग त्यांना एकदाचं मोकळं वाटलं, आणि सगळी लेंडी त्यांनी गोठ्यात टाकली, जिथं शेणाला आधीच तोटा नव्हता.

लालासाहेब फार ओरडले नाहीत. ते थंड आवाजात म्हणाले, "माझा चारा खायाचा आन् माझ्याच गोठ्यात घान करायची. असली मेंढरं मला न्हाई परवडायची. आज सांज्याला हालव."

अर्जुना बांधावर गेला आणि त्यानं फोन लावला. इकडचं बोलणं गड्यानं ऐकलं, ते असं:

"बया, मी बोलतोय… हाय, जित्ता हाय… न्हाई, खात न्हाईत… मी कुटं म्हनलो तुझी सून म्हनत हुती तसं… तिला दे फोन न्हवं, तिला सांग… काय सांगायचं म्हंजे? पिकअप कर आन् गोन्या घेऊन या… कशाच्या म्हंजे? त्या वासाच्या… आगं मागतोय कुटं, सांगतोय… हां. लय आनू नगं. न्हाई, आन. लयच आन."

दुपार कलायच्या आत पिकअप आली. वर गोण्या, पुढं बयाबाई आणि कडेवर पोर घेतलेली प्रांजल. अर्जुनानं प्रांजलकडं न बघता एक गोणी ओढून उतरवली. लालासाहेब गोठ्याकडून चालत आले, गोणीत वाकून वास घेतला आणि हसले.

"बाजरी व्हय? आरं, बाजरीचा कुटं मुरघास करत्यात? तुमच्या दुष्काळी मुलखाचं गवत ते. मका बघ मका. जनावराला दम पायजे खान्यात."

अर्जुनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जन्मात पहिल्यांदा राग सुनेच्या बाजूनं आला.

"आवं लालासाहेब, मक्यात दम हाय, मी कुटं न्हाई म्हंतो? पीठ जास्त असतंय मक्यात. पन प्रथिनांचं बोला की. शंभर किलो कोरडा धरला तर तुमच्या मक्यात सात, लय झालं तर आठ किलो. बाजरी चिकात कापली तर नऊ, दहा. आन् सरमाडात किती? तीन. वाळल्यावर न्हाई गावत त्यात काय. म्हनून हिरवी असतानाच कापायची. दाण्याकडं बघून जीव तुटतोय, तुटू दे, पन कापायची."

बयाबाईनं तोंडाला पदर लावला. अर्जुना बोलतच राहिला. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं, बाजरीत ते नसतं. मक्याला पाणी मोजून द्यावं लागतं, बाजरी दोन पावसांत येते. गोणीत वारा राहिला की बुरशी धरते आणि बुरशीचं मेंढराला घातलं तर मेंढरू जातं, म्हणून तुडवायची कशी तेही त्यानं पाय आपटून दाखवलं. वास आंबूस असला पाहिजे. कुजका आला तर उकिरड्यावर. गाभण मेंढीला किती, पाजणारीला किती, सगळं. पाठीनं ऐकलेला एक शब्द चुकला नाही.

लालासाहेबांनी मूठभर मुरघास हातात दाबून बघितला. मग मान हलवली.

"पटलं गड्या," ते म्हणाले. "मग एवढं असताना तू चालतोस कशाला? घरी बस, हेच घाल मेंढरास्नी. मला धा-वीस गोन्या पाठवून दे. पुढल्या साली मेंढरं आनायचा तरास घिऊ नगंस."

अर्जुना जिंकला होता, आणि जिंकता जिंकता त्यानं शेवटचं घर घालवलं होतं. उत्तर असायला हवं होतं. सुनेचं बोलणं आठवत तो पुढं पुढं गेला, आणि एका जागी येऊन थांबला. तिच्या रोजच्या सांगण्यात याच जागी तो घोंगडं झटकून उठून जायचा. पुढचं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

"तसं न्हाई चालत, लालासाहेब," प्रांजल म्हणाली. "मुरघास निम्माच घालायचा. निम्मं पोट मेंढरानं चालून, चरूनच भरायला हवं. बांधून ठेवून नुसता मुरघास घातला तर खुरं वाढतात, कोरडा चारा पोटात गेला न्हाई की पोट बिघडतं, आन् असली पिशवीची चटक लागते. सकाळी थोडा इथं घाला, दिवसभर तुमच्या रानातला पाला खातील. खाल्लं की लेंडी तुमच्याच रानात. अन् ती तुमच्या गाईंच्या शेणापेक्षा जोरदार असते."

लालासाहेब शेणाच्या बाबतीत अभिमानी होते, पण लेंडीच्या जोराबद्दल त्यांचा अनुभव तोच होता. "म्हंजे चालवायला लागत्यातच?"

"लागतातच. मामांशिवाय ह्यांना कोण चालवणार?"

"मग ऱ्हाऊ दे," लालासाहेब म्हणाले. "बसव रात्री मेंढरं. पन गोठ्याचं दार आधी लावून घे."

ते गेले. अर्जुना सुनेकडं वळला. बाजरी कापल्यापासून पहिल्यांदा तो तिच्याशी थेट बोलला, आणि बोलला तेही ओरडूनच.

"निम्मं चरवायचं हे आदी सांगाय काय झालं हुतं तुला?"

"रोज सांगत हुते, मामा."

"कवा?"

"तुमी उठून गेल्यावर."

राग स्वतःवर

हा रागही आला. बांधावर बसून अर्जुनानं तो बराच वेळ सहन केला, म्हणजे बयाबाईनं तंबाखूची चंची काढून मळायला घेतली तोवर. मग त्याची नजर पिकअपमधल्या एका गोणीकडं गेली. तिच्या तोंडाची दोरी सैल होती, आत वारा शिरत होता.

"ही कुनी बांधली?" त्यानं विचारलं.

"मी," बयाबाई म्हणाली.

अर्जुना उठला. त्याला एकदम बरं वाटलं. गोणी कशी आवळायची असते, आत वारा राहिला तर काय होतं आणि एवढं शिकवूनही माणसाला समजत कसं नाही, हे त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बयाबाईनं तंबाखू तोंडात टाकली आणि त्याच्याकडं पाठ केली.