प्रॉडक्शन नंबर तीन

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सापळेकाकांनी उभ्या आयुष्यात शेकडो पिक्चर पाहिले, पण एकाही हिरोचा चेहरा त्यांनी नीट पाहिलेला नव्हता. अतिशयोक्ती करत नाही. ज्या हिरोसारखे केस कापून घ्यायला त्या वर्षी अर्धी डोंबिवली न्हाव्याकडे नंबर लावून बसली होती (त्यात मीही होतो), त्याचा फोटो मी एकदा त्यांना मासिकात दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मासिक हातभर लांब धरलं आणि विचारलं, "कोण रे हा? तुझ्या ऑफिसातला का?"

आणि हा माणूस आठवड्याला किमान एक पिक्चर बघायचा. डोंबिवलीत लागला तर डोंबिवलीत, नाहीतर कल्याण, नाहीतर ठाणे. एकदा तर पडद्याला मोठं ठिगळ असलेल्या कुठल्याशा थेटरात ते विठ्ठलवाडीच्या पुढे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली की मी विचारायचो, "काय काका, कसा होता?"

"बरा होता. बाजार मोठा होता."

किंवा, "भिकार. तीन तास ती दोघंच. एक लग्न होतं, तेही रजिस्टर. चार टाळकी."

काकांची सगळी समीक्षा गर्दीवर चालायची. मेळा, जत्रा, रेल्वे स्टेशन, मिरवणूक असेल तर पिक्चर चांगला. हिरो-हिरॉईन डोंगरावर एकटे गात असतील तर फुकट गेला. हिरोला ते 'तो मधला' म्हणत. "तो मधला काहीतरी बोलत होता, पण मागे एक म्हातारा काय सुरेख छत्री उघडत होता!" अशा माणसाशी पिक्चरवर गप्पा मारणं म्हणजे लग्नाला जाऊन फक्त मांडवाच्या बांबूंची चौकशी करण्यासारखं होतं.

काका कोपरीच्या बाजूला जकात नाक्यावर कारकून होते. बघण्याची ही रीत नोकरीतून आली असावी, असं मला तेव्हा वाटायचं. "शरद, ट्रकवाला पुढे नेहमी कांदे ठेवतो," ते मला समजावायचे. "कांदे बघून पावती फाडलीस की मेलास. मागे कापडाचे तागे असतात. मागे बघायचं, मागे!" हे 'मागे बघायचं, मागे' त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की भाजीवालीकडे टोमॅटो घेतानाही ते तेच म्हणत, आणि भाजीवाली त्यांना पाटीला हात लावू देत नसे.

एकदा नीला, म्हणजे माझी बायको, माहेरी गेली होती म्हणून मी त्यांच्याबरोबर ठाण्याला पिक्चरला गेलो. पडद्यावर नावांच्या पाट्या सुरू व्हायच्या आधी पोचायचं म्हणून त्यांनी मला जवळजवळ पळवत नेलं. पहिलं गाणं सुरू झालं, तळ्याकाठी, दोघंच. काका उठले. म्हटलं, "कुठे?"

"चहा घेऊन येतो. माणसं आली की बोलव."

मी बावळटासारखा दोनदा बाहेर जाऊन त्यांना बोलावून आणलं. एकदा "काका, वाढदिवस आलाय," म्हणून आणि एकदा "काका, कोर्ट आलं," म्हणून. कोर्टाच्या वेळी ते अर्धा कप चहा घेऊनच आत आले. पडद्यावर निरपराध हिरोला फाशी होण्याची वेळ आली होती, शेजारच्या बाई पदराला नाक पुसत होत्या आणि काका माझा दंड धरून सांगत होते, "तो बघ, चौकड्याचा शर्ट. दुसरी रांग. मघाशी हॉटेलात खून झाला तेव्हा हा मागच्या टेबलावर भजी खात होता. डोळ्यांनी खून बघितलेला माणूस कोर्टात येऊन बसलाय आणि त्याला कोणी काही विचारत नाही!"

पुढच्या रांगेतला एक जण वळून म्हणाला, "काका, तुम्ही द्या ना साक्ष. पण आता गप्प बसा."

काका गप्प बसले. पण त्यांचं म्हणणं मला आजही खोडून काढता आलेलं नाही. त्या दिवसापासून मलाही प्रत्येक पिक्चरमध्ये तो चौकड्याचा शर्ट दिसू लागला आणि माझी बरीच करमणूक कायमची नासली.

ह्या सगळ्या खटाटोपाचं कारण आमच्या बिल्डिंगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काकांनी एका पिक्चरमध्ये काम केलं होतं, आणि तो पिक्चर ते शोधत होते.

झालं होतं असं. तेव्हाच्या पंधराएक वर्षं आधी ठाकुर्लीला खाडीकडच्या मोकळ्या मैदानात शूटिंग आलं होतं. खोटा एसटी स्टँड उभा केलेला, पाटीवर भलत्याच गावाचं नाव. काका कुणाच्या तरी बारशाला निघालेले. काकूही बरोबर होत्या. भोंगा घेतलेल्या एका माणसाने येणाऱ्याजाणाऱ्यांना अडवलं आणि हिंदीत सांगितलं, की गाडी सुटत असल्यासारखं सगळ्यांनी तिकडून इकडे पळायचं. काका पळाले. एकदा नाही, नऊ वेळा. बारसं राहिलं बाजूला.

ही पळण्याची हकीकत काका उभं राहून सांगत. हातात पिशवी नसेल तर कुणाची तरी मागून घेत, गॅलरीच्या ह्या टोकाला जात आणि आमच्यासमोर पळत येत. "सातव्या वेळेला भोंगेवाला म्हणाला, 'ओ सफेद शर्ट, बहुत अच्छा!' मीच सफेद शर्ट." सेक्रेटरी बर्वे ही गोष्ट दर गणपतीत नव्या भाडेकरूसमोर मुद्दाम काढायचे आणि काका दर वेळी पळायचे. आम्ही हसायचो. जिन्यात भेटले की "काका, गाडी सुटली!" असं ओरडायचो. मीही ओरडलोय, नाही कशाला म्हणू?

पण खरी गंमत पुढेच आहे. निघताना काकांनी तिथल्या एका पॅडवाल्याला विचारलं, "पिक्चरचं नाव काय?" तो घाईत म्हणाला, "प्रॉडक्शन नंबर तीन." काकांनी ते नाव पाठ केलं. पुढची दोन वर्षं ते ठाणे-कल्याणच्या तिकीट खिडक्यांवर 'प्रॉडक्शन नंबर तीन' कधी लागणार, अशी चौकशी करत होते. कल्याणच्या एका बुकिंगवाल्याने त्यांना शांतपणे विचारलं, "एक आणि दोन बघून झाले का तुमचे?"

पुढे कुणीतरी शहाण्याने त्यांना सांगितलं, की तो नुसता नंबर असतो. नाव मागाहून ठेवतात, पुन्हा बदलतात, कधी पिक्चर डब्यातच पडून राहतो. दुसऱ्या कुणी हा नाद सोडला असता. काकांनी सरळ हिशोब केला. आपला पिक्चर कुठला ते कळत नाही, तर सगळेच बघावे. हिरो कोण होता तेही त्यांना माहीत नव्हतं, कारण पळताना त्यांचं सगळं लक्ष भोंगेवाल्याकडे होतं.

दरम्यान काकू गेल्या होत्या. आम्ही बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच्या कितीतरी आधी. मूलबाळ नव्हतं. काकांच्या बाहेरच्या खोलीत काकूंचा चंदनाच्या हारातला फोटो होता. लग्नातला, पाटावर बसलेल्या, मान खाली. मुंडावळ्यांमुळे चेहराही धड दिसत नव्हता. "एवढीशी मुलगी," नीला एकदा म्हणाली. मी बरं म्हटलं आणि विसरलो.

मग व्हिडिओचं युग आलं. रविवारी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, रिक्षात मांडीवर धरून घरी न्यायचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवायचं. एका रविवारी आमच्या घरी हा कार्यक्रम होता. दुकानदाराकडे दोन कॅसेटवर तिसरी फुकट असायची. दोन मी निवडल्या, माझ्या हिरोच्या. तिसरी त्याने माझ्या हातात कोंबली. "घेऊन जा हो, कोणी नेत नाही. थेटरात चार दिवस पण नाही टिकला." मला राग आला होता, पण फुकट मिळालेलं परत करायची आमच्या घरात रीत नाही.

सकाळी दोन पिक्चर झाले. काकांना त्यातली एक वरात आवडली. दुपारी जेवणं झाल्यावर तिसरा लावला आणि दहा मिनिटांत सगळे आडवे झाले. बर्वे भिंतीला टेकून घोरत होते, बर्वेवहिनी तांदूळ निवडत होत्या, नीला आतबाहेर करत होती. मी पेंगत होतो. जागे होते फक्त काका, टीव्हीपासून दोन हातांवर, मांडी घालून.

"पाटी!" काका ओरडले. "शरद, पाटी! तीच पाटी!"

मी डोळे उघडले. एसटी स्टँड होता. पुढे कुणी हिरो हिरॉईनला निरोप देत होता. मागे गाडी सुरू झाली आणि माणसांचा लोंढा आला, आणि त्या लोंढ्याच्या अगदी पुढे, सगळ्यांना कोपराने सारत, डोक्यावर भरपूर केस असलेला पांढऱ्या शर्टातला एक माणूस छाती काढून पळत आला. त्याने थेट कॅमेऱ्यात बघितलं. हातात पिशवी. पळण्याची तऱ्हा आम्ही गॅलरीत शंभरदा पाहिलेली. सापळेकाका!

बर्वे दचकून उठले ते टाळ्या वाजवतच. वहिनींच्या हातातलं सूप कलंडलं. "काका! अहो खरंच तुम्ही!" नीला साखर आणायला आत पळाली. आम्ही इतकी वर्षं ज्याला थापाड्या समजत होतो, तो माणूस चांगला चार-पाच सेकंद हिरोपेक्षा मोठा दिसला होता. मला तर आपलाच कुणी पिक्चरमध्ये आल्यासारखं वाटलं.

काका टीव्हीसमोर गुडघ्यांवर उभे होते. "सरक," ते म्हणाले. "सरक ना रे बाजूला."

आम्हाला वाटलं, आम्हालाच म्हणतायत. बर्वे सरकले, मी सरकलो. पण काका आमच्याकडे बघतच नव्हते.

"परत लाव," ते म्हणाले.

मी परत लावलं. तो पांढरा शर्ट पुन्हा पळत आला, आणि काका त्याला पुन्हा म्हणाले, "सरक मेल्या. मागे ही आहे."

मग बर्वेही हसायचे थांबले. मी पाच-सहा वेळा कॅसेट मागे नेली. दर वेळी तो तरणाबांड सफेद शर्ट पुढे घुसायचा आणि मागचं सगळं झाकून टाकायचा. चौथ्या वेळी मला दिसलं. त्याच्या डाव्या कोपरापाशी एक हात होता. मनगटभर हिरव्या बांगड्या. तो हात शर्टाची बाही धरून मागे ओढत होता. एवढंच. चेहरा नाही, पदर नाही.

"ही म्हणत होती, आपण मागेच राहू या, मला लाज वाटते," काका टीव्हीकडे बघत म्हणाले. "मी म्हटलं, चल गं, पुढे गेलो तर दिसू तरी. सातव्या वेळेला त्याने मला चांगलं म्हटलं, मग मी कसला ऐकतोय! आठव्याला आणि नवव्याला तर हिला खेचतच नेली. आणि पुढच्या श्रावणात ही गेलीच."

नीला साखरेची वाटी घेऊन दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "काका, फोटो आहे ना त्यांचा."

"आहे ना. पण त्यात ती बसलीय, मुली. मान खाली घालून. ती अशी कधी बसली नाही. सारखी आपली धावपळ, बोलता बोलता हात हलवायची. सोळा वर्षं झाली, आता माझ्या डोळ्यांसमोर येते ती फोटोतलीच येते. म्हटलं, हलताना एकदा बघावी."

हा माणूस सोळा वर्षं स्वतःला शोधत नव्हता, आणि आम्ही त्याला गॅलरीत पळवून हसत होतो. मला माझी लाज वाटली. खरं सांगायचं तर रडू येत होतं, म्हणून मी मशीनमध्ये डोकं घालून बसलो. निदान तो हात तरी त्यांना नीट बघता यावा, म्हणून तो दिसल्याबरोबर मी पॉजचं बटण दाबलं.

त्या मशिनींवर चित्र कधी धड थांबायचं नाही. पडद्यावर आडवी पांढरी रेघ आली आणि पांढरी बाही, हिरव्या बांगड्या, ती पाच बोटं, सगळं जागच्या जागी थरथरू लागलं. मी बटणाशी खटपट करत म्हणालो, "काका, मशीन जुनं आहे हो. चित्र हलतंय."

काकांनी माझा हात बटणावरून बाजूला केला.

"हलू दे," ते म्हणाले.